मागच्या दाराचा इतिहास

इंदुरात सकाळी महापालिकेची कचरागाडी गाणे वाजवीत गल्लीत शिरली, की आमच्या इमारतीतील चारही बिऱ्हाडांची दारे एकदम उघडतात. गाडी एक, नियम एक, कप्पेही सर्वांसाठी तेच. परंतु चार घरांच्या बादल्या मात्र सारख्या नसतात. आमच्या बादलीत दोडक्याच्या शिरा सहसा सापडायच्या नाहीत, कारण त्यांची चटणी आदल्या दिवशीच झालेली असते. वरच्या मजल्यावरील जैन कुटुंबाच्या बादलीत पानातले उरलेले अन्न जवळजवळ नसतेच. समोरच्या सिंधी घरातून शिळी पोळी बाहेर पडत नाही. बदलीवर आलेले बंगाली गृहस्थ मोठ्या हौसेने भोपळ्याच्या सालींची भाजी कशी करतात ते सांगतात, पण जुना कागद घरात एक दिवस जास्त राहिलेला त्यांना खपत नाही.

मी या शाळेत बरीच वर्षे इतिहास शिकवला. होळकरांच्या लढाया शिकवल्या, तह शिकवले, सनावळ्या पाठ करून घेतल्या. ज्या घरांतून विद्यार्थी येत होते, त्या घरांनी काय सांभाळले, काय दिले आणि काय टाकले, याचाही काही इतिहास असतो, असे मात्र वर्गात कधी बोललो नाही. हीरक महोत्सवाच्या या अंकासाठी लेख मागितला गेला, तेव्हा ती राहून गेलेली तासिका घ्यावी असे वाटले.

आरंभ शब्दांपासून करू. जुन्या, मोडक्या, निरुपयोगी वस्तूंना आपण मराठीत 'भंगार' म्हणतो. कोकणीत 'भांगर' म्हणजे सोने. कन्नड मुलखात 'गुजरी' म्हणजे मोडीत निघालेल्या मालाचे दुकान. कोल्हापुरात मात्र गुजरी म्हणजे सराफांची पेठ. अहमदाबादेत साबरमतीच्या काठी दर रविवारी भरणारा जुन्या वस्तूंचा बाजारही गुजरीच. आमच्या माळव्यात 'अटाला' म्हणतात, गुजरातेत जुन्या कागदाला 'पस्ती', केरळात मोडीला 'आक्री', आणि तमिळ भाषेत मोडीच्या दुकानाला 'कायलान कडै'. बंगालात तर या माणसाचे नावच 'बिक्रीवाला' आहे, म्हणजे विकत घेणाऱ्याला विक्रीचे नाव. एकाच्या घरी जे भंगार, ते दुसऱ्याच्या दुकानी भांगर, हे भाषेला आपल्याआधी कळलेले दिसते.

परंतु कागद, काच, पत्रा ही अलीकडची प्रकरणे. घराघरांतील खरा जुना व्यवहार कापडाचा. कापूस पिकवणे, सूत काढणे, विणणे, रंगवणे यांत माणसांचे इतके श्रम जात, की वस्त्र फाटले म्हणून त्याचे आयुष्य संपले, असे कोणीच मानीत नसे. संस्कृतात 'कंथा' म्हणजे चिंध्या जोडून केलेले वस्त्र. बौद्ध भिक्षूंच्या वस्त्रांत 'पांसुकूल' नावाचा एक प्रकार होता: उकिरड्यावर किंवा स्मशानात टाकलेले कापड वेचून, धुऊन, जोडून केलेले चीवर. तुकड्यांची जोडणी मगधातील भातखाचरांच्या बांधांसारखी दिसावी, असा संकेत विनयपिटकात आला आहे. जीवक या वैद्याच्या विनंतीवरून बुद्धांनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्यास अनुमती दिली. तरी पांसुकूल धारण करणाऱ्याचा मान राहिलाच. टाकलेले कापड तेथे व्रत झाले होते. हे ध्यानात ठेवावे. पुढे याच कापडाकडे आपल्याला पुन्हा वळायचे आहे.

घरगुती कंथेची रूपे प्रांतोप्रांती निराळी. बंगालातील कांथा आज दुकानात हजारो रुपयांना मिळते, पण मूळ कांथा म्हणजे जुन्या साड्या आणि धोतरे एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्याने शिवलेली घडी. दोराही विकतचा नसे. साडीच्या काठांतून रंगीत धागे उसवून काढीत. त्या धाग्यांनी मध्ये कमळ, कोपऱ्यांत झाडे, हत्ती, पालख्या, रथ भरले जात. पांघरायची कांथा वेगळी, बाळाची वेगळी, आरसा आणि कंगवा गुंडाळण्याची 'आरशीलता' आणखी वेगळी. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने गावोगाव हिंडून त्या जमवल्या, म्हणून कोलकात्याजवळील जोका येथील संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. बिहारातील सुजनी हिचीच बहीण. तिचा संबंध नवजात बाळाशी: बाळाला पहिल्यांदा जुन्याच, मऊ झालेल्या कापडात ठेवायचे, आणि चिंध्यांची देवी चितिरिया मा तिच्याकडून रक्षण मागायचे.

बाळाला नवे कोरे कापड न लावण्याचा हा संकेत आपल्याकडेही होता. आजोबांच्या विटक्या धोतराची दुपटी आणि बाळोती होत. कोणी याला दृष्ट टाळण्याचा उपाय म्हणे, कोणी पूर्वजांचा आशीर्वाद. कारण बहुधा साधे असावे. पन्नास वेळा धुतलेल्या सुताइतके मऊ दुसरे काही नसते.

आपली गोधडी मात्र कांथेसारखी बोलत नाही. देशावर तिला वाकळ म्हणतात, आणि तिचे सारे लक्ष चित्रावर नसून जाडीवर असते. माझा तर्क असा की, हा फरक वस्त्रातून आला. बंगाली साडी पांढरी, तलम, लाल काठाची. तिच्यावर धागा उठून दिसतो. आपले नऊवारी लुगडे रंगीत, जाड सुताचे, कधी चौकडीचे. त्यावर कमळ काढले तरी दिसणार कोणाला? शिवाय नऊ वारांत कापड भरपूर. तेव्हा वर आणि खाली अख्खे लुगडे, मधल्या थरांत ज्याला दुसरे स्थान नाही असे सगळे, आणि चारही बाजूंनी काठ, अशी तिची रचना ठरली. पांघरणाऱ्याला कोणते लुगडे कोणाचे हे ठाऊक असे, आणि तेवढी नक्षी घराला पुरे होई.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाची 'कवंदी' तर आणखीच निराळी. आफ्रिकेतून आणल्या गेलेल्या लोकांचे हे वंशज. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागांतील जंगलांत वसलेले, कोकणीची एक बोली बोलणारे, आणि धर्माने कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. त्यांच्या स्त्रिया कवंदी काठाकडून शिवायला घेतात आणि चौकोनी फेरे घालीत मध्याशी येऊन थांबतात. तुकडे लहान, रंग भडक, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घालून शिवलेली 'फुले'. कोपऱ्यांवर फुले नसली तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. मुसलमान घरातील कवंदीवर कधी चंद्रकोर येते, ख्रिस्ती घरातील कवंदीवर क्रूस. आपल्या गोधडीशी तिचे मूळ काम एकच, थंडीपासून बचाव. पण अख्खे लुगडे आणि मुठीएवढा तुकडा यांत दोन समाजांच्या सांपत्तिक स्थितीचे अंतर शिवलेले आहे.

कापडाचा शेवटचा उपयोग कोणत्याच समाजात उघड बोलला जात नसे. गोधडीलाही नको झालेल्या चिंध्या घरातील स्त्रियांच्या मासिक पाळीसाठी राखून ठेवलेल्या असत. काटकसरीच्या गोष्टी सांगताना आपण हे वगळतो. ते घराबाहेर गेल्यावर कोणाच्या हातांनी उचलले जाई, हेही त्याबरोबर वगळले जाते.

जे कापड फाटले नाही पण नकोसे झाले, त्याची वाट निराळी. दुपारी पुरुषमंडळी कामावर गेली, की बोहारीण येई. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे बोचके. ओट्यावर बसून तिच्याशी जी घासाघीस चाले, ती माझ्या लहानपणीच्या करमणुकींपैकी एक होती. दोन विजारी आणि एक साडी यांवर ती डबा द्यायला तयार नसे. आजी कपाटातून आणखी एक सदरा आणी. बोहारीण सदऱ्याची कॉलर उजेडात धरून पाही आणि परत ठेवी. तीन वेळा उठून गेल्याशिवाय ती डबा देत नसे, आणि तीन वेळा परत बोलावल्याशिवाय आजी तो घेत नसे.

या व्यापारातील पुष्कळ स्त्रिया गुजरातेतील देवीपूजक समाजाच्या. पूर्वी त्यांना वाघरी म्हणत. गुजरातेतून हा व्यापार मुंबईला आला, दिल्लीला गेला. दिल्लीच्या रघुबीर नगरात जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे, अंधार असतानाच भरतो. लुसी नॉरिस या अभ्यासिकेने या बाजाराचा माग घेऊन 2010 मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. घराघरांतून आलेले बोचके तेथे सुटते. बरे कपडे धुऊन, इस्त्री करून गरीब वस्त्यांत आणि खेड्यांत जातात; रेशमी साड्यांचे परदेशी पाहुण्यांसाठी झगे आणि उशांचे अभ्रे होतात; उरलेल्या सुती कापडाचे तुकडे यंत्रे पुसण्यासाठी कारखान्यांत जातात. आजीचा सदरा डब्याच्या बदल्यात कोठवर पोहोचला असेल, याची तिला कल्पना नव्हती.

मध्यमवर्गीय हिंदू घराने जुने कपडे रोखीने का विकले नाहीत, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. त्याच घराने रद्दी तोलून घेतली, बाटल्यांचे पैसे मोजून घेतले. पण अंगावरच्या कपड्याचे पैसे घेणे हलके मानले. अंगाचा स्पर्श झालेली वस्तू विकायची नसते, द्यायची असते. म्हणून धाकट्या भावंडाला दिली, पुतण्याला दिली, मोलकरणीला दिली. आणि उरलेली डब्याशी बदलली, म्हणजे दिल्यासारखेही झाले आणि घरात काही आल्यासारखेही. जरीचे मात्र निराळे. खऱ्या जरीची जीर्ण साडी घ्यायला खास माणसे येत. ती साडी जाळून तिच्यातील चांदी काढली जाई. पैठण्या, बनारसी शालू अशा किती गेल्या याची नोंद कोठेच नाही. काटकसरीने वस्त्रे टिकवली, तसे तिने त्यांतील उत्तमोत्तम वस्त्रांची राखही केली, हेही इतिहासात लिहायला हवे.

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक वाचकाच्या घरी त्याविषयी माझ्याहून अधिक जाणणारे कोणी असेलच. येथे समाजासमाजांतील फरक पदार्थांत जितका आहे, त्याहून जास्त तो कारणांत आहे. श्रद्धाळू जैन माणूस जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पितो. उष्ट्यात सूक्ष्म जीव उत्पन्न होतात आणि त्यांच्या हिंसेचा दोष लागतो, ही त्यामागची भावना. दाऊदी बोहरा मंडळी एकाच मोठ्या थाळाभोवती बसून जेवतात, मिठाच्या चिमटीने आरंभ करतात आणि थाळात दाणा राहू देत नाहीत. त्यांच्या जमातीत यासाठी 'दाणा कमिटी' आहे, आणि तिचे कार्यकर्ते समारंभांतील उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेतात. बंगाली पाककलेतील सालींच्या आणि देठांच्या पदार्थांमागे विधवांवर लादलेल्या निर्बंधांचा मोठा भाग आहे. मासा वर्ज्य, कांदा-लसूण वर्ज्य, मग बुद्धी चालवायची ती सालींवरच. समोरच्या घरातील सेयल मानी, म्हणजे लसूण-कोथिंबिरीच्या वाटणात शिजवलेली शिळी पोळी, आणि आपली फोडणीची पोळी या एकाच गरजेच्या दोन चवी. चार घरांत अन्न वाया जात नाही. पण एका घरी अहिंसेमुळे, एका घरी जमातीच्या शिस्तीमुळे, एका घरी निर्बंधांमुळे.

टाकण्याचेही असेच आहे. पौषातील भोगीच्या दिवशी आपण तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खातो. त्याच दिवशी, त्याच नावाच्या सणाला, तमिळ घरांपुढे पहाटे जुन्या चटया, केरसुण्या आणि कपडे यांची होळी पेटते; पोंगल नव्या घरात यावा म्हणून. वस्तू गवताच्या आणि सुताच्या होत्या तोवर यात कोणाचे काही बिघडत नव्हते. टायर आणि प्लास्टिक पेटू लागल्यावर मात्र चेन्नईच्या आकाशात धूर साचू लागला आणि प्रशासनाला दरवर्षी विनवण्या कराव्या लागल्या. सवय तीच राहिली, वस्तू बदलली. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पूजतात आणि अलक्ष्मीला सुपे वाजवून हाकलतात. केरसुणी लक्ष्मी झाली. केरसुणी हाती धरणाऱ्या बाईला आपण कधी ओट्यावर बसवले नाही.

येथवर मी जे सांगितले, ते पुढच्या दारातून पाहिलेले आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरात कचराच नसे, असे आपण अभिमानाने सांगतो. या अंकातही कोणी सांगितले असेल. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. घरात कचरा राहत नसे, कारण मागच्या दाराशी तो घेऊन जाणारे कोणी उभे असे, आणि त्याने तेथेच उभे राहावे असे गावाने ठरवलेले असे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे वापरावीत असे विधान आहे. भिक्षूने स्मशानातील वस्त्र व्रत म्हणून घेतले, तेच वस्त्र दुसऱ्यावर आज्ञा म्हणून लादले गेले. गावगाड्यात महारांना घरोघरची भाकरी मागण्याचा 'हक्क' होता. शिळे, उरलेले, पानांतले उष्टेदेखील त्यांच्या टोपलीत पडे. देणाऱ्याच्या हिशेबी अन्न वाया गेले नाही.

घेणाऱ्याचा हिशेब 1927 मध्ये महाडला मांडला गेला. मार्चमधील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडा, उष्टे-शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात तेथेच स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी नीटनेटकी वस्त्रे नेसण्याचा, जातीची खूण सांगणारी नेसण आणि दागिने टाकून देण्याचा आग्रह धरला. बाबासाहेबांचा जन्म आमच्या इंदुराजवळच्या महूचा. इंदूरकर म्हणून आम्ही तो अभिमानाने सांगतो. पण जुन्या घरांच्या काटकसरीच्या कथा सांगताना महाडचे हे दोन प्रसंग आपल्याला आठवत नाहीत. दिलेले घ्यायचे नाही, असे एका समाजाने ठरवले; पुनर्वापराच्या साऱ्या इतिहासात मला याहून मोठी घटना दिसत नाही.

त्याआधी दहा वर्षे, 1917 च्या दिवाळीत, इंदुरात एक निराळा प्रयोग झाला होता. शहरात प्लेगची भीती होती. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना होळकर दरबाराने बोलावले होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले, आणि ज्या रस्त्यांवरील घरे अधिक स्वच्छ होतील त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, डागडुजी केली, वर्षानुवर्षांचा अटाला बाहेर काढला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रचंड प्रतिमा होत्या. त्या शेवटी जाळल्या गेल्या. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की शहरातील सफाई कामगार नवी पांढरी वस्त्रे घालून, गळ्यात हार घालून त्या मिरवणुकीत चालले आणि त्यांच्या गाड्याही सजवल्या होत्या. गेडिस यांचा इंदूरविषयक अहवाल 1918 मध्ये छापला गेला. हार घातलेल्यांपैकी एकाचेही नाव माझ्या वाचनात आलेले नाही.

पुढे 1924 मध्ये येथे वनस्पती उद्योग संस्था निघाली. आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात तिचे काम चाले. संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. दोघांचा ग्रंथ 1931 मध्ये निघाला आणि 'इंदूर पद्धत' हे नाव जगभर गेले. हॉवर्ड यांना सर्व ओळखतात. वाड या मराठी माणसाचे नाव इंदूरच्या मराठी शाळेच्या अंकात एकदा तरी छापले जावे, म्हणून ते येथे मुद्दाम घेतले आहे.

आज शहर देशात स्वच्छतेत पहिले येते. 2017 पासून हा क्रम सुरू आहे. कचऱ्याचे सहा प्रकार घरीच वेगळे होतात. ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा, दररोज 550 टन क्षमतेचा कारखाना फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाला. आमच्या चार बिऱ्हाडांनीही या शिस्तीत आपापल्या सवयी बसवून घेतल्या. पाळीच्या कापडाबद्दल जे बोलले जात नव्हते, त्यासाठी आता गाडीवर स्वतंत्र डबा आहे, आणि आमच्या इमारतीतील वडीलधाऱ्या स्त्रियाही त्याविषयी मोकळेपणाने बोलतात. पुण्यात 1993 मध्ये कचरावेचक स्त्रियांची संघटना उभी राहिली, त्याच वर्षी डोक्यावरून मैला वाहून नेण्याच्या प्रथेविरुद्धचा पहिला कायदा झाला, आणि तो पुरेसा ठरला नाही म्हणून 2013 मध्ये दुसरा करावा लागला. इतकी ही गोष्ट जवळची आहे. आपल्या शाळेच्या साठ वर्षांच्या आतली.

महोत्सवानिमित्त पाचवीच्या वर्गात मुलांना एक प्रश्न देण्यात आला होता: तुमच्या घरी कोणती जुनी वस्तू पुन्हा वापरतात? बहुतेकांनी गोधडी लिहिली, काहींनी डबे, एकाने आजोबांची सायकल. कचरागाडीवर काम करणाऱ्या एका आईची मुलगी त्या वर्गात आहे. तिची पाटी बराच वेळ कोरी होती. बाईंनी जवळ जाऊन विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आमची आई म्हणते, गाडीतलं काहीही घरी आणायचं नाही. आमच्याकडे सगळं नवंच घेतात." बाईंनी तिला तेच लिहायला सांगितले. ते उत्तर इतर उत्तरांबरोबर वर्गाच्या फळ्याशेजारी लावलेले आहे.